पाहिला, ऐकला, बहुतेक

सप्टेंबर लागला की सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो. पलीकडून एकच शब्द येतो, "आला?" मी म्हणते, "नाही अजून." झालं, फोन बंद. आमच्या दहा-बारा जणांत त्या दिवसांत हेच बोलणं फिरत असतं. कोण यायचंय, असं घरचे आता विचारत नाहीत. त्यांना माहीत आहे, धोबी यायचाय.

म्हणजे करडा धोबी. पाठ राखाडी, पोटाखाली पिकल्या लिंबाचा पिवळा रंग, आणि अंगापेक्षा लांब वाटणारी शेपटी सतत खाली-वर, खाली-वर. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे उन्हाळा काढून हा मूठभर पक्षी पुण्याला येतो, तो बहुतेक वेळा गणपतीच्या आगेमागे. विसर्जन घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर, निर्माल्याच्या कडेने किडे टिपत चालत असतो. ढोल-ताशांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमचं मात्र तिकडेच असतं. ज्याला पहिला दिसेल त्याने बाकीच्यांना सांगायचं. मग तारखांची ताडाताडी होते. गेल्या वर्षी कधी आला होता, त्याच्या आदल्या वर्षी कधी, यंदा चार दिवस उशीर का. दुर्मीळ म्हणावा असा हा पक्षी अजिबात नाही. पण वर्षातला पहिला धोबी दिसणं आणि ते कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटणं, या दोन्हींत मला आजही तितकाच आनंद आहे.

तो फोन करणारे आमचे आप्पा. टपाल खात्यात आयुष्य गेलं, त्यातली कितीतरी वर्षं सॉर्टिंगमध्ये. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. मी पक्षी बघायला लागले ती त्यांच्यामागे चालत चालत. त्यांच्याकडे दुकानात जमाखर्चाला वापरतात तशी लांबट, लाल पुठ्ठ्याची वही असते. अशा अकरा वह्या भरल्या आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचं नाव, संख्या, आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द: पाहिला, ऐकला किंवा बहुतेक.

पहिल्यांदा मला तो शेवटचा रकाना कळलाच नव्हता. सासवडच्या माळावर मी दुरून एक भोवत्या पाहिला. हे शिकारी पक्षी गवताच्या अगदी वरून, पंख किंचित वर उचलून, तरंगत तरंगत जातात. मी पुस्तक उघडलं, चित्राशी ताडलं आणि आप्पांना म्हटलं, "मॉन्टेग्यूचा भोवत्या, लिहा." त्यांनी विचारलं, "नर की मादी?" मादी. "पांढुरक्या भोवत्याच्या मादीपासून वेगळी कशी ओळखलीस? मानेची पट्टी दिसली का?" मला काहीच सांगता येईना. त्यांनी ओळ लिहिली आणि शेवटी शब्द टाकला, 'बहुतेक'. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "अगं, बहुतेक लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या पेटीत पडलेलं पत्र हरवलेल्या पत्रापेक्षा वाईट. हरवलेल्याचा निदान शोध घेतात."

या वाक्याचा खरा अर्थ मला रानपिंगळ्याची गोष्ट कळली तेव्हा लागला. ही गोष्ट आपल्या खानदेशातली आहे, आणि पक्षी बघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ती ठाऊक असावी असं मला वाटतं.

रानपिंगळा म्हणजे आपल्या घराजवळच्या पिंगळ्याचाच जंगलातला भाऊबंद. डोकं मोठं, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद, पाय पिसांनी भरलेले. दिवसाढवळ्या विरळ सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसतो आणि शेपटीला झटके देत राहतो. १८७२ ते १८८४ या काळात गोळा केलेले, कापूस भरून जतन केलेले याचे जेमतेम सात नमुने जगातल्या संग्रहालयांत होते. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या भागात मिळवलेले. १८८४नंतर पक्षी गायब. शंभर वर्षांहून जास्त काळ तो कुणाला खात्रीने दिसला नाही. सलीम अलींसारख्यांनी शोधला, तरी हाती लागला नाही.

मधल्या काळातली एक नोंद मात्र होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी, पक्षीशास्त्रातलं मोठं नाव. १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण रानपिंगळा मिळवला, असं त्याच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाची चिठ्ठी, कोण शंका घेणार? अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी घेतली. त्यांनी तो नमुना नीट तपासला, आतला कापूस, टाके, मूळ बांधणीच्या खुणा पाहिल्या, आणि लक्षात आलं की हा डेव्हिडसननेच मिळवलेला नमुना आहे. संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला. म्हणजे १९१४ची नोंद खोटी. पक्षी मांडवीला दिसलाच नव्हता.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी गेले. आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या, तिथे काही मिळालं नाही. मग शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी एका उघड्या झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात मिळाला, तानसा अभयारण्यातही मिळाला.

मी ही गोष्ट अनेकदा मनात घोळवते. डेव्हिडसनने चिठ्ठीवर ठिकाण खरं लिहिलं म्हणून शंभर वर्षांनी कुणीतरी त्या झाडापर्यंत पोचलं. आणि दुसऱ्याने एक ओळ खोटी लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतरही शोधणाऱ्यांची दिशाभूल करत राहिली. सातपुड्यातल्या गुराख्यांनी, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी तो पिंगळा त्या शंभर वर्षांत कितीदा पाहिला असेल! त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांची चिठ्ठी कुठल्याही संग्रहालयात नाही.

विचारायला हवं, हे मी भिगवणला शिकले. उजनी धरणाचं पाणी कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उथळ पसरतं. फेब्रुवारीपासून पाणी ओसरायला लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. पुण्या-मुंबईची माणसं पहाटे गाडीतून उतरतात ती थेट नावेत. नाव चालवणारे बहुतेक मासेमारी करणारे. त्यातल्या एकाने मला एकदा विचारलं, "मॅडम, पट्ट्याच्या डोक्याचे बदक बघायचेत ना? आज नाहीत. काल रात्री वारं फिरलं, ते पलीकडच्या हरभऱ्यात असतील." पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारा हंस. तो रात्री कुठल्या शेतात चरतो, सकाळी कुठे पाण्यावर येतो, याचं वेळापत्रक त्या माणसाला तोंडपाठ होतं. आम्ही त्या दिवशी पलीकडे गेलो, बांधावर उभे राहिलो, आणि खरंच हरभऱ्याच्या कडेला चाळीसेक पक्षी मान वर करून आमच्याकडे बघत होते. आप्पांनी वहीत संख्या लिहिली आणि पुढे कंसात 'नावाडी यांच्या सांगण्यावरून' असंही लिहिलं. श्रेय द्यायची ही सवय मला फार मोलाची वाटते.

पण सांगण्याची दुसरी बाजूही आहे. ती लिहायला मला जड जातं, तरी लिहिते.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका ओढ्याकाठी मला तिबोटी खंड्याचं घरटं दिसलं. ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांना कसं सांगू! चिमणीपेक्षाही लहान जीव. चोच आणि पाय शेंदरी, पोट हळदीचं, पाठीवर जांभळ्या-निळ्याची झाक. पावसाच्या अंधारात, गर्द झाडीखाली तो बसतो तेव्हा कुणी तिथे रंगाची डबी उघडी ठेवली आहे असं वाटतं. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून आत अंडी घालतो. मी छत्रीखाली दोन तास बसले होते. नर-मादी आळीपाळीने येत होते, चोचीत कधी सापसुरळी, कधी कोळी, कधी लहान खेकडा. फांदीवर बसायचं, मान खाली-वर करून अंदाज घ्यायचा आणि एका झेपेत दरडीत नाहीसं व्हायचं. आतून पिल्लांची बारीक किरकिर यायची.

संध्याकाळी घरी येऊन मी फोटो टाकला. खाली जागा लिहिली. नुसतं गावाचं नाव लिहून थांबले नाही. ओढा, मोरी, मोरीपासून किती पावलं, सगळं. कुणीतरी विचारलं होतं आणि मला सांगायचा आनंद होता. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, मिळाल्यावर माणसं जशी कळवळून आभार मानतात तसे आभार मला त्या आठवड्यात पन्नास वेळा मिळाले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. रस्त्याच्या कडेला सात गाड्या. मोरीवर तिवया एकमेकींना लागून. दरडीसमोर लोंबणाऱ्या फांद्या फोटोत आड येतात म्हणून कुणीतरी छाटून टाकल्या होत्या, त्यांची पानं अजून हिरवी होती. कुणाच्या तरी फोनवर खंड्याचीच शीळ वाजत होती, पक्षी समोर यावा म्हणून. आणि मादी लांब, ओढ्याच्या पलीकडे, चोचीत सापसुरळी धरून बसली होती. ती पुढे यायची, माणसं हलायची, ती मागे फिरायची. मी घड्याळ लावून पाहिलं. बावन्न मिनिटं ती तशीच होती. शेवटी तिने ती सापसुरळी स्वतःच गिळली आणि उडून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात दरडीपाशी कुणीच नव्हतं, ना माणसं ना खंड्या. पिल्लं उडून गेली असतील असं मला कुणी कुणी समजावलं. दिवसांचा हिशेब बसत नव्हता. छाटलेल्या फांद्यांमुळे बोगद्याचं तोंड आता रस्त्यावरून सहज दिसत होतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं लाखो पत्ते वाचले. वाचणं हे माझं कामच होतं. पण पत्ता वाचला म्हणून तो चावडीवर ओरडून सांगायचा नसतो." एवढंच बोलले, आणि त्या नोंदीपुढचं ठिकाण त्यांनी वहीत कोरं ठेवलं.

तेव्हापासून आम्ही घरट्याची जागा सांगत नाही. कुणालाही, जवळच्या मित्रालाही. घुबडाची दिवसाची बसायची जागा सांगत नाही. अशी नोंद आम्ही हंगाम सरल्यावर करतो, आणि तालुक्याच्या पुढे जात नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा लोकांपासून झाकून ठेवतात, ते योग्यच आहे. नवीन येणाऱ्या मुलांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं म्हातारी मंडळी पक्षी लपवून ठेवतात. त्यांचा राग मला समजतो, कारण शिकताना मलाही लोकांनी जागा सांगितल्या म्हणूनच मी शिकले. म्हणून मी त्यांना म्हणते, माझ्याबरोबर चला. नकाशावरची पिन पाठवणार नाही, पण सोबत घेऊन जाईन, बाजूला बसवीन आणि अर्ध्या तासात उठवीन.

सगळंच दडवून ठेवावं असंही नाही. अमूर ससाण्याचं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. पूर्व रशिया आणि उत्तर चीनमधून निघून हा पारव्याएवढा ससाणा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी त्याचे प्रचंड थवे उतरतात. २०१२च्या शरदात तिथे जाळी लावून ते हजारोंनी मारले जात होते. काही जणांनी ते पाहिलं, चित्रित केलं आणि जगाला सांगितलं. पुढच्याच वर्षी गावांनी स्वतः शिकार थांबवली. २०१३मध्ये तिथे तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तिथल्या गावाचंच नाव. तेव्हा जागा सांगितली नसती तर काय झालं असतं! नोव्हेंबर-डिसेंबरात हे ससाणे लोणावळ्याच्या पठारांवर दिसतात. पुढे अरबी समुद्र आहे, न थांबता ओलांडायचा. त्याआधी चतुर हे उडते किडे पकडून पोट भरून घेतात. उडता उडता पायाने चतुर धरायचा, पाय चोचीपाशी न्यायचा, चतुराचे पंख गळून खाली पडतात. गेल्या खेपेला असा एक काचेसारखा पंख गिरक्या घेत माझ्या बाहीवर येऊन पडला. ही बातमी मी मोकळेपणाने सगळ्यांना सांगते. उघड्या आभाळातला पक्षी आहे, उद्या निघून जाणार आहे, आणि त्याच्यासाठी जितके डोळे वर लागतील तितके चांगलेच.

नवरंग पक्ष्याचंही तसंच. मेअखेर, जूनच्या सुरुवातीला तो दक्षिणेतून वर सरकतो. प्रवास रात्रीचा. मग पहाटे दमलेला, दिव्यांनी गोंधळलेला, काचेवर आपटलेला नवरंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतो. आमच्या वॉचमननी असाच एक आणला होता, टोपीत ठेवून. छातीचा ठोका टोपीच्या कापडातून हाताला लागत होता. खोक्याला भोकं पाडली, आत सुती फडकं घातलं, झाकण लावलं आणि अंधारात ठेवून दिलं. पाणी चोचीत ओतायचं नाही, हे मी तीनदा सांगितलं, कारण दया आली की माणसं पहिलं तेच करतात. संध्याकाळी बागेत खोकं उघडलं. तो काठावर चढला, शेपटीखालचा लालबुंद रंग एकदा दिसला, आणि करवंदीच्या जाळीत शिरला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बाजूने दोन सुरांची ती शीळ आली. वॉचमननी मला वर फोन करून कळवलं, "तुमचा पाहुणा बोलतोय." त्यांची ही नोंद आप्पांच्या वहीत आहे. शेवटचा शब्द, 'ऐकला'.

दुर्मीळ पक्ष्यांबद्दल इतकं लिहिलं खरं, पण आप्पांच्या वह्या उघडल्या तर त्यांची पानं भलत्याच नावांनी भरलेली आहेत. चिमणी, साळुंखी, कावळा, वेडा राघू, टिटवी, दर रविवारी आकड्यासह. तरुण पोरं विचारतात, कावळे कशाला मोजायचे? २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. त्यात तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या होत्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यातल्या साठ टक्के जाती कमी झालेल्या निघाल्या. साठ टक्के! हे कळलं ते कुणीतरी रोजच्या पक्ष्यांची रोज नोंद केली म्हणून. आयुष्यात एकदा दिसलेल्या पाहुण्याच्या फोटोवरून हा हिशेब लागला नसता. ज्याने कावळे मोजले त्याच्यामुळे आपल्याला काय हरवतंय ते समजलं, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे.

आमचा रविवार कवडी पाटावर असतो. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बांध. शहराने नदीत जे जे सोडलं ते सगळं इथे येऊन पोचतं. बांधावरून पाणी पडतं तिथे फेसाचे ढीग, झुडपांना प्लास्टिकच्या चिंध्या, नाकाला रुमाल लावावा असा वास. आणि त्याच पाण्यात हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, लडाख-तिबेटकडून आलेले, केशरी अंगाचे. जुन्या कवींनी ज्यांच्या रात्रीच्या ताटातुटीवर इतकं लिहिलं तेच हे जोडपं आता थर्माकोलच्या तुकड्याशेजारी पोहत असतं. बघवत नाही, पण बघणं सोडवतही नाही. शेकाटे लांब गुलाबी पाय उचलत फेसातून चालतात, चित्रबलाक चोच उघडी ठेवून पाण्यात उभे असतात, नदी सुरय वरून फेऱ्या मारतात. आम्ही मोजतो. फेसाचीही नोंद करतो.

दोन वर्षांपासून आप्पांची नजर गेली आहे. मोतीबिंदू काढला, पण पडद्याचाच त्रास निघाला. आता दुर्बीण गळ्यात असते, ती सवयीने. पाटावर आम्ही त्यांना घडीच्या खुर्चीत बसवतो. मी आकडे सांगते, ते लिहितात, अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या झाल्या आहेत. मी चक्रवाक चौदा म्हटलं की विचारतात, "मोजलेस की अंदाजे?"

यंदा गणपती उठून दोन दिवस झाले होते. फोन सव्वासहालाच वाजला. मी नेहमीसारखं म्हटलं, "नाही अजून, आप्पा." ते म्हणाले, "थांब. मी गच्चीत आहे. आत्ता टाकीच्या बाजूने गेला. दोनदा बोलला, चिझिट्, चिझिट्." आवाज दबलेला, जणू मोठ्याने बोललं तर तो परत फिरेल. मी म्हटलं, "म्हणजे आलाच की! सांगते सगळ्यांना." ते म्हणाले, "सांग. पण नीट सांग. ऐकला. पाहिला नाही."

मी वही उघडली आणि तसंच लिहिलं.